मासा कशानं मेला?

झेब्राफिशचं अंडं चोवीस तासांचं झालं की सूक्ष्मदर्शकाखालून नजर काढवत नाही. मिलिमीटरभराचा काचेसारखा गोळा. आत पिवळसर बलकाभोवती वेटोळं घालून पडलेला जीव, डोळ्यांवर नुकती चढू लागलेली काळसर छटा आणि मधूनच शेपटीचा एक झटका. हृदय हलायला लागून फार वेळ झालेला नसतो. मग प्लेट थोडी सरकवायची आणि शेजारचा खळगा बघायचा, ज्याच्या पाण्यात कॉपर ऑक्साइडचे नॅनोकण आहेत, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही बारीक. तिथल्या अंड्यावर काळपट साय धरलेली असते. आत कुणी आहे की नाही तेच दिसत नाही. केसाच्या फासानं अंडं हळूच लोळवलं, साय थोडी निघाली, की कळतं: हालचाल नाही.

वहीत ‘मृत’ लिहायला दोन सेकंद लागतात. कशानं मेला, हे लिहायला कधी कधी महिना पुरत नाही. कणानं? कणापासून सुटलेल्या तांब्याच्या आयनानं? कवचाची छिद्रं बुजून गुदमरल्यानं? की कण पाण्यात टिकावेत म्हणून घातलेल्या रसायनानं? नॅनोकणांच्या सुरक्षिततेची चाचणी म्हणजे मुळात या चार संशयितांना वेगवेगळं उभं करणं. बाकी सगळी मेहनत त्यासाठीच आहे.

नाशिकमध्ये हा प्रश्न दूरचा नाही. ऑक्टोबरची गोड छाटणी झाली की दिंडोरीपासून पिंपळगावपर्यंत द्राक्षबागांमध्ये फवारणीचे ब्लोअर फिरू लागतात. डावणी आणि भुरी या बुरशीजन्य रोगांच्या धाकानं फवारणीचं वेळापत्रक ठरतं. मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण इथल्या तीन पिढ्यांच्या हाताला सवयीचं आहे, म्हणजे तांबं या मातीला नवं नाही. नवं आहे ते त्याचं रूप. नॅनो युरियाची अर्ध्या लिटरची बाटली २०२१ पासून खताच्या दुकानात दिसू लागली, आणि ‘नॅनो’ हा शब्द आता जस्त, तांबं, चांदी अशा अनेक नावांना जोडून येतो. पानावर पडलेल्यातलं काही पानावर राहतं, काही मातीत जातं, काही पावसाबरोबर ओहोळात उतरतं. कादवा नांदूर मध्यमेश्वरला गोदावरीला मिळते आणि ते पाणथळ आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे, महाराष्ट्रातलं पहिलं. तिथं येणारे पक्षी मासे खातात. त्या माशांची अंडी ज्या पाण्यात वाढतात, त्या पाण्याची काळजी कुणीतरी खळग्याएवढ्या पातळीवर उतरून करायला हवी.

झेब्राफिश हा मूळचा आपल्याच उपखंडातला मासा. फ्रान्सिस हॅमिल्टननं १८२२ मध्ये गंगेच्या खोऱ्यातल्या माशांबरोबर त्याचं वर्णन छापलं. प्रयोगशाळेत त्याला मान मिळाला तो ओरेगन विद्यापीठातल्या जॉर्ज स्ट्राइसिंगरमुळे. ॲक्वेरियमच्या दुकानात तो स्वस्तात मिळतो, पण दुकानातून आणलेला मासा थेट अंड्यांसाठी लावू नये. अंगावर आणि आतड्यात काय काय घेऊन येतो ते बाहेरून दिसत नाही. काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा, नळाच्या पाण्यातला क्लोरीन सोडियम थायोसल्फेटनं काढावा, चौदा तास उजेड आणि दहा तास अंधार हे चक्र घड्याळावर लावावं. अंडी त्या उजेडावरच पडतात. आदल्या संध्याकाळी दोन नर आणि एक मादी अशी जोडणी करून मधे पारदर्शक आडोसा घालायचा, तळाला जाळी लावायची. जाळी नसेल तर काचेच्या गोट्या पसरायच्या, कारण आईबाप स्वतःचीच अंडी खातात. सकाळी दिवा लागला की आडोसा काढायचा. अर्ध्या तासात जाळीखाली अंडी दिसू लागतात. एका चांगल्या मादीची शंभर-दोनशे सहज होतात.

इथून घड्याळ सुरू होतं. फलित अंडी निवडून तीन तासांच्या आत ती चाचणीच्या पाण्यात गेली पाहिजेत. तोपर्यंत पेशींचं विभाजन नीट सुरू असलेलं दिसतं, आणि असमान पेशींची, दुधाळ झालेली, कवच फाटलेली अंडी बाजूला काढता येतात. फलनाचं प्रमाण ७० टक्क्यांच्या खाली असेल तर तो सगळा घाणा सोडून द्यायचा. एवढी सकाळ वाया गेली म्हणून आहे त्यातून भागवायचा मोह होतो, पण कमकुवत घाण्यातल्या अंड्यांचे मृत्यू नंतर कणांच्या नावावर जमा होतात.

या चाचणीचा आराखडा ओईसीडी या आर्थिक सहकार्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २३६ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत आहे, २०१३ सालच्या. २४ खळग्यांची प्लेट, एका खळग्यात एक अंडं आणि दोन मिलिलिटर पाणी, २६ अंश तापमान एका अंशाच्या आत-बाहेर, आणि ९६ तास. पाच तीव्रता, प्रत्येकीला वीस अंडी. प्रत्येक प्लेटमधले उरलेले चार खळगे साध्या माध्यमाचे, म्हणजे तपासायचा पदार्थ न घातलेल्या वाढीच्या पाण्याचे, त्या प्लेटचे घरचे साक्षीदार. त्यातलं एकापेक्षा जास्त अंडं मेलं तर ती प्लेट बाद. एक प्लेट पूर्ण साध्या माध्यमाची आणि एक ३,४-डायक्लोरोॲनिलिनची, लिटरला ४ मिलिग्रॅम. तिच्यात किमान ३० टक्के अंडी मरायलाच हवीत, नाहीतर या घाण्यातल्या अंड्यांना विष कळत नाही असं धरायचं. म्हणजे साधी चाचणीसुद्धा सात प्लेट आणि १६८ अंडी मागते.

मृत्यूची चिन्हं चार: अंडं गोठून पांढरं होणं, शरीराचे खंड न पडणं, शेपटी बलकापासून न सुटणं, आणि ४८ तासांपासून पुढे हृदय न धडकणं. यातलं एक जरी दिसलं तरी मृत्यू नोंदवायचा. पण हृदय थांबलंय असं म्हणण्याआधी ८० पट मोठं करून पूर्ण एक मिनिट बघायचं. मिनिट लांब वाटतं. चाळीसाव्या सेकंदाला एक बारीक ठोका पडलेला दिसतो आणि वहीतली नोंद बदलते. हृदयाभोवतीची सूज, वाकलेला कणा हे सगळं वेगळ्या रकान्यात जातं. तो रकाना अनेकदा रिकामा सोडला जातो, हे मला फार खटकतं, कारण कमी मात्रेवर कण काय करतात ते बहुतेक वेळा त्याच रकान्यात दिसतं.

विरघळणाऱ्या रसायनासाठी एवढं पुरतं. नॅनोकण विरघळलेले नसतात, ते तरंगत असतात, आणि खरी गुंतागुंत इथून सुरू होते.

पावडर तोलतानाच सावध राहावं लागतं. ती उडते, म्हणून हवा ओढून घेणाऱ्या बंदिस्त कपाटात (फ्यूम हूडमध्ये), एन-९५ मास्क लावून, दहा मिलिग्रॅम तोलायची. थेट शंभर मिलिलिटर पाण्यात टाकली तर वर गठ्ठे तरंगतात. आधी चार थेंब पाण्यात कालवून तिची खळ करायची, मग पाणी वाढवायचं. हा झाला लिटरला १०० मिलिग्रॅमचा स्टॉक, म्हणजे पुढे पातळ करायचं मूळ मिश्रण. चंचुपात्र बर्फात ठेवून प्रोब सोनिकेटरनं, म्हणजे पाण्यात बुडवलेल्या कांडीतून येणाऱ्या ध्वनिलहरींनी, गठ्ठे फोडायचे. बर्फ नसेल तर पाणी तापतं, तापलं की कण लवकर विरघळतात आणि अंगावरचा लेप निघतो. प्रोबचं टोक टायटॅनियमचं असतं आणि ते झिजतं. टायटॅनियम डायऑक्साइड तपासत असाल तर हे विसरून चालत नाही. किती वॅट, किती मिनिटं, किती पाणी हे दर वेळी लिहायचं. ‘सोनिकेट केले’ एवढ्या दोन शब्दांवर दुसरं कुणी तोच स्टॉक पुन्हा बनवू शकत नाही.

स्टॉक डिस्टिल्ड पाण्यात शांत असतो, पण भ्रूणाला डिस्टिल्ड पाण्यात वाढवता येत नाही. त्याला क्षार लागतात. नेहमीच्या ई-३ माध्यमात लिटरला सोडियम क्लोराइड २९० मिलिग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १३, पाण्याचे रेणू धरून कॅल्शियम क्लोराइड ४८ आणि मॅग्नेशियम सल्फेट ८१ मिलिग्रॅम असतं. बुरशी नको म्हणून बरेच जण त्यात मिथिलीन ब्लू घालतात. या चाचणीत तो घालू नये, रंग कणांना चिकटतो. क्षारांच्या पाण्यात स्टॉक पडला की कणांना एकमेकांपासून दूर ठेवणारा विद्युतभार झाकला जातो, आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम तर त्यांना जोडायचंच काम करतात. डब्यावर २० नॅनोमीटर लिहिलेला कण तासाभरात हजार नॅनोमीटरचा गोळा झालेला असू शकतो. भ्रूणाला मग नॅनोकण भेटतच नाहीत, भेटतो तो गाळ.

त्यामुळे माप माध्यमातच घ्यायचं, डब्यावरच्या आकड्यावर विसंबायचं नाही. प्रकाशाच्या विखुरण्यावरून आकार सांगणारं डीएलएस यंत्र बहुतेकांच्या हाताशी असतं, पण त्याची एक खोड आहे. विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घातानं वाढतो. २०० नॅनोमीटरचा एक गठ्ठा २० नॅनोमीटरच्या दहा लाख कणांएवढा उजेड फेकतो. धुळीचे चार कण पडले तरी यंत्र खुशाल मोठा आकडा दाखवतं. म्हणून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची प्रतिमा सोबत हवी, आणि पाणी भरल्या क्षणाची आणि चोवीस तासांनंतरची, अशी दोन वेळची प्रत्यक्ष तीव्रता मोजलेली हवी. अंडी तळाला असतात. कण खाली बसले तर वरच्या पाण्यात मोजलेली तीव्रता कमी येते आणि भ्रूण मात्र ढिगाऱ्यात झोपलेला असतो. काही कण प्लॅस्टिकच्या भिंतीला चिकटतात. म्हणून प्लेट आदल्या दिवशी त्याच तीव्रतेच्या पाण्यानं भरून ठेवायची, चाचणीच्या वेळी ते ओतून ताजं भरायचं, आणि पुढे दर चोवीस तासांनी बदलायचं.

तीव्रतांची मालिका बनवतानाही एक बारकावा आहे. समजा ०.५, १, २, ४ आणि ८ मिलिग्रॅम हव्यात. आठातून चार, चारातून दोन अशी पायरीपायरीनं उतरवली तर पहिल्या पायरीतले गठ्ठे पुढे पुढे जातात. प्रत्येक तीव्रता स्टॉकमधून थेट करायची: पन्नास मिलिलिटरसाठी अनुक्रमे ०.२५, ०.५, १, २ आणि ४ मिलिलिटर. मात्र स्टॉक डिस्टिल्ड पाण्यातला असल्यानं सर्वांत वरच्या तीव्रतेत क्षार आठ टक्क्यांनी पातळ होतात आणि खालच्यात जवळजवळ होतच नाहीत. प्रत्येकात डिस्टिल्ड पाणी घालून स्टॉक आणि पाणी मिळून चार मिलिलिटर भरायचे, साध्या माध्यमाच्या प्लेटमध्येसुद्धा. मग सगळ्यांचे क्षार एकसारखे.

आता कवच. भ्रूणाभोवतीच्या या आवरणाला कोरिऑन म्हणतात. त्याला छिद्रं असतात, साधारण ५०० ते ७०० नॅनोमीटरची. सुटा वीस नॅनोमीटरचा कण त्यातून आरामात जातो, गोळा झालेला बाहेर अडतो आणि छिद्रावर बसतो. प्राणवायू त्याच छिद्रांमधून येतो. म्हणजे एकच पावडर, नीट पसरवली तर आत जाऊन त्रास देते, नीट पसरवली नाही तर दार अडवून. दोन्हीकडे वहीत येणारा शब्द सारखाच. ओईसीडीची मार्गदर्शिकाही सांगते की बोजड रेणूंसाठी आणि अंडं फुटायला उशीर लावणाऱ्या पदार्थांसाठी ही चाचणी कमी संवेदनशील ठरू शकते. नॅनोकणांना ही दोन्ही वर्णनं लागू पडतात, आणि तरीही कवचाबाहेरच्या आकड्यावरून ‘सुरक्षित’ असा शेरा मारला जातो.

उपाय म्हणून एक समांतर प्लेट कवच काढलेल्या भ्रूणांची लावतात. दोन बारीक चिमट्यांनी कवच फाडता येतं, किंवा प्रोनेज या प्रथिनं तोडणाऱ्या विकराच्या (एन्झाइमच्या) मिलिलिटरला एक-दोन मिलिग्रॅमच्या द्रावणात काही मिनिटं ठेवून सैल करता येतं. फार कोवळ्या भ्रूणाचा बलक एवढ्या-तेवढ्यानं फुटतो. कवच निघालेला भ्रूण प्लॅस्टिकला चिकटतो, म्हणून तळ अगारोजच्या जेलीचा करावा लागतो. प्रोनेज तीन-चार वेळा धुवून पूर्ण काढला नाही तर त्याचेच मृत्यू कणांच्या खात्यात पडतात.

जस्त आणि तांब्याच्या ऑक्साइडमध्ये आणखी एक गोष्ट दिसते, आणि द्राक्षाच्या मुलखात ती नीट समजून घ्यायला हवी. ७२ तास होतात, ९६ होतात, साध्या माध्यमातली पिल्लं कवचाबाहेर येऊन पोहत असतात, आणि या खळग्यांमध्ये पूर्ण वाढलेली पिल्लं आतच राहतात. जिवंत असतात. हृदय धडकत असतं, रक्तपेशी शेपटीपर्यंत धावत असतात, पिल्लू आतल्या आत वळतं, शेपूट आपटतं, पुन्हा निपचित होतं. कवच विरघळवणारं एक विकर पिल्लू स्वतःच सोडतं. हे विकर धातूच्या आयनावर चालतं, पण बाहेरून जादा जस्ताचे किंवा तांब्याचे आयन आले की त्याचं काम थांबतं. मृत्यूच्या चार चिन्हांत हे बसत नाही. तक्त्यात वीसपैकी वीस जिवंत. नदीत मात्र कवचातून बाहेर न पडलेलं पिल्लू जगत नाही. अंडं फुटण्याचा आकडा मृत्यूइतक्याच ठळकपणे छापला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

इथं आयन आणि कण वेगळे करायची वेळ येते. कणांचं पाणी ३ किलोडाल्टनच्या, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांच्या, गाळणीतून सेंट्रिफ्यूजवर काढायचं. कण वर राहतात, विरघळलेला धातू खाली येतो, तो आयसीपी-एमएस या धातूंची सूक्ष्म मात्रा सांगणाऱ्या यंत्रावर मोजायचा. मग तेवढ्याच धातूचं साध्या क्षाराचं द्रावण करून एक पूर्ण प्लेट लावायची. दोन्ही प्लेटचे निकाल जुळले तर दोषी आयन. कणांच्या प्लेटमध्ये जास्त मृत्यू असतील तर कणाची स्वतःची काहीतरी भूमिका आहे.

चांदीत हे फसतं. चांदीवर नाशिककरांचा जुना विश्वास, सराफ बाजारात पेला-वाटी घेतल्याशिवाय बारसं होत नाही. माशाला मात्र चांदीचा आयन फार कमी मात्रेत मारतो, कारण तो पाण्यातून सोडियम ओढून घेणारी यंत्रणाच बंद करतो. तुलनेसाठी सिल्व्हर नायट्रेटची प्लेट लावतात. पण ई-३ माध्यमात क्लोराइड भरपूर. लिटरला काही मायक्रोग्रॅमच्या वर चांदीचा मोकळा आयन तिथं टिकत नाही, सिल्व्हर क्लोराइड होऊन बसतो. मग नायट्रेटची प्लेट सौम्य वाटते आणि सगळा दोष कणांवर येतो. चांदीसाठी कमी क्लोराइडचं माध्यम करणं किंवा निदान मोकळी चांदी मोजणं याला पर्याय नाही.

द्रावकाची गोष्ट तर या क्षेत्रानं चांगलीच धडा घेऊन शिकलेली. २००४ मध्ये फुलेरीन या कार्बनच्या कणांमुळे बास माशाच्या मेंदूतल्या मेदाचं ऑक्सिडीकरण होतं असं प्रसिद्ध झालं आणि जगभर गाजलं. ते कण टेट्राहायड्रोफ्युरान हा द्रावक वापरून पाण्यात आणले होते. २००७ मध्ये झेब्राफिशच्या पिल्लांवर काम झालं तेव्हा दिसलं की अशा तयारीतला परिणाम टेट्राहायड्रोफ्युरानच्या विघटनातून बनणाऱ्या पदार्थांशी जुळतो. म्हणून कण वगळून बाकी सगळं घातलेलं पाणी, त्याच सोनिकेशनमधून गेलेलं, त्याची स्वतंत्र प्लेट लागतेच. चमकणारे कण वापरणाऱ्यांनीही सुटलेला रंग आधी गाळून बघावा. पिल्लाचं आतडं हिरवं चमकलं की कण आत गेले असं वाटतं. पण नुसता रंगही गेलेला असू शकतो.

टायटॅनियम डायऑक्साइडची चाचणी बंद इन्क्युबेटरच्या अंधुक उजेडात केली तर तो निरुपद्रवी दिसतो. अतिनील किरणांखाली तोच कण पाण्यात घातक ऑक्सिजन-रेणू तयार करतो. गोदावरीच्या उथळ काठावर मे महिन्याच्या उन्हाचे तास मोजायला यंत्र लागत नाही.

आणि थंडी. निफाडचा पारा काही वर्षी पाच अंशांखाली उतरतो. रात्री वीज गेली आणि इन्क्युबेटर दोन-तीन तासांत २१-२२ अंशांवर आला की वाढ मंदावते, अंडी उशिरा फुटतात. सकाळी वीज आलेली असते, आकडा २६ दाखवतो, आणि उशीर कणांच्या माथी बसतो. दर दहा मिनिटांनी नोंद ठेवणारा छोटा लॉगर आत ठेवायचा, तोही हवेत नाही, अंडी नसलेल्या पण पाणी भरलेल्या प्लेटमध्ये. प्लेटच्या कडेचे खळगे जास्त सुकतात, म्हणून वर फिल्म लावायची, आणि शेवटी प्राणवायू संपृक्ततेच्या ८० टक्क्यांच्या खाली गेलेला नाही ना ते बघायचं.

एवढं सगळं झाल्यावरही आकडा ई-३ माध्यमाचा असतो, नदीचा नसतो. नदीच्या पाण्यात कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातली सेंद्रिय द्रव्यं असतात. ती कणाभोवती लेप धरतात, कण तरंगत ठेवतात आणि पुष्कळदा त्याची धार बोथट करतात. निफाडकडच्या विहिरीचं जड पाणी कणांना लगेच खाली बसवतं. गंगापूर धरणाचं पाणी, पावसाळ्यात गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागणारं गढूळ पाणी आणि उन्हाळ्यातलं रामकुंडाखालचं पाणी या तीन वेगळ्या चाचण्या आहेत. २०२० मध्ये केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागानं नॅनो कृषी-निविष्ठांच्या मूल्यमापनासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, ते योग्यच झालं. ज्या पाण्यात माल शेवटी उतरणार आहे त्या पाण्यातली एक मालिका नाशिकच्या प्रयोगशाळांनी स्वतःहून जोडावी. गाळून जीवजंतू काढलेलं, क्षार मोजलेलं, त्याच पाण्याची साक्षीदार प्लेट सोबत असलेली.

युरोपच्या २०१० च्या नियमानुसार स्वतः खायला लागेपर्यंत माशाचं पिल्लू ‘प्रयोगातला प्राणी’ धरलं जात नाही; झेब्राफिशमध्ये ती वेळ पाचव्या दिवसाच्या आसपास येते. ही चाचणी त्याआधीच, ९६ तासांना थांबते. नियमानं ती सूट दिली असली तरी वाचलेल्या पिल्लांना ट्रायकेन या भूल देणाऱ्या औषधाच्या बफर केलेल्या जादा मात्रेत घालायचं, आणि हृदय थांबल्याची खात्री करूनच प्लेट बाजूला ठेवायची.

दर प्लेटमागे दिवसाला चाळीस मिलिलिटर कणांचं पाणी निघतं. चार दिवस, पाच तीव्रता, वर आयनांची आणि कवच काढलेल्यांची प्लेट. ते बेसिनमध्ये ओतायचं नाही. खाली बसतं म्हणून वरचं ओतून गाळ ठेवू, असंही नाही. विरघळलेलं तांबं वरच्या पाण्यातच असतं. झाकणाच्या कॅनवर धातूचं नाव, अंदाजे मात्रा आणि तारीख लिहून तो घातक कचऱ्याच्या गाडीत द्यायचा. बेसिनखालचा पाइप गटाराला जातो, आणि शहरातली गटारं गोदावरीच्या दिशेनंच उतरतात.